वळकटीतला भात

नव्वदनंतरची ती वर्षं. माधवनगरात मिलजवळ आमची एकच खोली, आणि तिथं रॉकेलवर आईचं राज्य. स्टोव्ह पेटवून मग कांदा शोधत बसणारी बाई आईच्या लेखी वाया गेलेली! आधी चिरणं, निवडणं, धुणं. मगच काडी ओढायची. भाताला एक दणदणीत कढ आला की पातेलं खाली. झाकण घट्ट लावून ते गोधडीत गुंडाळायचं आणि अंथरुणाच्या वळकटीत खुपसायचं. आम्ही याला 'भात निजवणं' म्हणायचो. तासाभरात भात आपला आपण शिजायचा. लय भारी लागायचा, खोटं नाही सांगत.

पण पाहुण्यांपुढं आईला याची भयंकर लाज. एका रविवारी दुपारी मिरजेहून ताईला बघायला मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा ताईनं आधी एका लग्नात पाहिलेला. तो तिला इतका आवडला होता की आठवडाभर ती माझ्याशी भांडली नव्हती. त्यांच्या घरी गॅस होता. म्हणून आईनं मला सकाळीच दम भरला, "रॉकेलचं नाव काढलंस तर बघ!" आणि सवयीनं भात मात्र वळकटीतच निजवला.

खुर्ची कुठली आमच्याकडं? मुलाची आई सतरंजीवर बसली आणि पाठीला वळकटी घेतली.

"अगं बया! ही गरम कशी?"

"उन्हात टाकली होती," मी शहाणी बोलले.

"उन्हाला भाताचा वास येतोय व्हय?"

आईनं मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता हे स्थळ गेलंच! तेवढ्यात ताई म्हणाली, "भात हाय त्यात. रॉकेल पुरत न्हाई, म्हणून आमी रोज असंच करतो."

बाईंनी गोधडी सोडली, झाकण काढलं, एक शीत चिमटीत दाबून बघितलं.

"माझी आईबी असंच करायची," त्या म्हणाल्या. "घरात गॅस आला आणि मी सोडलं. लोक हसतील म्हणून. आता टाकी महिनाभर पुरत न्हाई."

मग ताईकडं बघून म्हणाल्या, "ताट आण. पयलं मला वाढ, सूनबाई."

आईनं पदर तोंडाला लावला. मी तर आनंदानं ओरडलेच. आणि आमची ताई, जी कधी कुणाच्या बापाला घाबरली नाही, तिनं गडबडीत त्यांच्या ताटात अख्खं पातेलंच उपडं केलं.