विहिरीवरचे कपडे

पारोळ्याजवळ आमचं शेत आहे, आणि त्या शेतातल्या विहिरीत गावातली निम्मी पोरं पोहायला शिकली. शिकवणारे एकच, आबा. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांची पद्धत सोपी. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, त्याला काठावर उभं करायचं, 'ते बघ विमान' म्हणायचं आणि त्यानं मान वर केली की द्यायचं ढकलून. माझा नवराही असाच शिकला. आजही विमानाचा आवाज आला की तो आधी एक पाऊल मागे सरकतो, असं मी सगळ्यांना सांगते. तो सगळ्यांसमोर ते नाकारतो.

पोरी काठावर बसून पोरांचे कपडे सांभाळायच्या. हा नियम कुणी केला नव्हता, पण त्याला कारण होतं. आमच्याकडे विहिरी भरतात त्या गणपतीनंतर, आणि होळीपर्यंत तळातले दगड दिसायला लागतात. पोहण्याएवढं पाणी असतं नेमकं कापसाच्या वेचणीत. वेचणी बायकांची आणि पोरींची. पाणी असतं तेव्हा बाईला वेचणीतून घटकाभर काठावर टेकण्यापुरतीच सवड, खरी सवड होते तेव्हा पाणी नाही. आमच्या घरातली एकही बाई त्या विहिरीत कधी उतरली नव्हती. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून काठावर बसत आल्या होत्या. आधी दिरांचे कपडे सांभाळले, मग मुलांचे, मग नातवंडांचे.

माझी लेक नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत चुलतभाऊ विहिरीत धबाधब उड्या मारत होते आणि ही आजीशेजारी शर्टांच्या ढिगापाशी बसली होती. बराच वेळ बसून तिनं विचारलं, "आजी, हे कपडे कोण चोरणार आहे?"

"कोनी नही," सासूबाई म्हणाल्या.

"मग आपण का बसलोय?"

सासूबाईंनी ढिगातल्या एका शर्टाची पुन्हा घडी घातली. लेक उठली आणि सरळ आबांपुढे जाऊन उभी राहिली. मला शिकवा म्हणाली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग लांब बांधावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि मला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "पोरले शिकाडसू. पन पहिले तिनी माय पानीमा उतरी, मंग पोर."

त्यांना वाटलं, विषय मिटला. सून काही उतरत नाही, म्हणजे पोरगी उतरत नाही, आणि आबा कुणाला नाही म्हणाले असंही होत नाही. म्हातारा हुशार. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी तिथूनच म्हटलं, "येत्या रविवारी उतरते."

घरी आल्यावर मी नवऱ्याला विहिरीची खोली तीनदा विचारली, ती गोष्ट वेगळी.

मी धुळ्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी पहिल्या पाळीत रक्त घेणं, मग तपासण्या, संध्याकाळी घर. लेक लहान असताना नोकरी करत मी पुढची पदविका पूर्ण केली, तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात: घर, नोकरी, मूल, कसं काय जमतं? हा प्रश्न माझ्या नवऱ्याला कुणी विचारत नाही, आणि त्याच्याकडेही तेवढंच घर, तेवढीच नोकरी आणि तेच मूल आहे. मी सांगते, जमत नाही, जमवते. एखाद्या रविवारी खिचडी करपते, करपू दे. ती तो करतो आणि आम्ही दही घालून खातो.

सासूबाईंना मात्र विहिरीचं पचलं नाही. "बाईनी जात, तिले कसाले पव्हनं? बठ्ठं गाव हासी," म्हणाल्या. मी म्हटलं, हसू दे, गावाला हसायला तरी कुठे मिळतं. त्या रागावल्या. पण रविवारी सकाळी आम्ही धुळ्याहून पोचलो तेव्हा शेताच्या तोंडाशी बाभळीवर त्यांचं जुनं हिरवं लुगडं लटकत होतं. बाया विहिरीवर आहेत, कुणी पुढे येऊ नये, याची ती खूण. लुगडं त्यांनीच बांधलं होतं. वर काठावर येऊन बसल्याही, कपडे सांभाळायला.

आता इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सुनेनं थोरल्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा. आबा सासूबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणून त्या तर त्यांच्याशी उभ्या जन्मात सरळ बोलल्या नव्हत्या. 'आबाले सांग, चहा हुई गया,' असं भिंतीला ऐकवल्यासारखं नातवंडाला सांगायचं आणि आबांनी ते ऐकायचं. मी शिकलेली, नोकरी करणारी, तरी गावात शिरताना ओढणी आपोआप डोक्यावर जाते. वाईट काही नाही त्यात. सवय आहे.

त्या सवयीनंच मला बुडवलं असतं. पंजाबी ड्रेस घालून, पाठीला कॅन बांधून मी पायऱ्या उतरले आणि समोर काठावर आबा उभे पाहून ओढणी डोक्यावर ओढून घेतली. विहिरीत पोहायला उतरणारी, आणि डोक्यावर पदर घेतलेली! पायाखालची पायरी संपली, मी पाण्यात गेले, आणि ओली ओढणी तोंडाला घट्ट चिकटली. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर तोंडात कापड. हात कॅनकडे न्यायचे की ओढणीकडे, तेही सुचेना. मी त्या क्षणी खरंच घाबरले. लेक वर उभी आहे आणि बघते आहे, एवढंच कळत होतं.

"फेक ती ओढनी!" आबा वरून ओरडले. "लाज मंग, जीव पहिले! फेक म्हंतस ना!"

मी ओढणी उपटून फेकली. कॅननं मला वर धरलं, मी नाकात गेलेलं पाणी खोकून काढलं आणि डोळे उघडले. ज्या माणसापुढे आमच्या घरच्या बायकांचं डोकं कधी उघडं पडलं नाही, त्यानंच ते उघडं करायला लावलं होतं. मी वर पाहिलं. आबांनी तोंड कापसाच्या शेताकडे वळवलं होतं. आणि सासूबाई एकटक माझ्या ओल्या केसांकडे पाहत होत्या. मग आबा पाठमोरेच म्हणाले, "पाय मार. रडू नको." मी रडत नव्हते. मी चिडले होते, स्वतःवरच, आणि चिडले की मी बरी पोहते असं त्या दिवशी कळलं.

मग दर रविवारी धुळ्याहून गाडी काढायची, सकाळी विहीर, दुपारी परत, सोमवारी पुन्हा लॅब. सोमवारी खांदे दुखायचे, तरी सुई धरलेला हात स्थिर असायचा. घाबरलेल्या पेशंटला मी पूर्वी 'घाबरू नका' म्हणायचे. आता म्हणते, घाबरा, पण श्वास सोडा. कारण मला आता ठाऊक आहे की 'घाबरू नका' हे वाक्य कुठल्याच घाबरलेल्या माणसाच्या कामाचं नसतं.

आबांची अट होती, कॅन सोडून विहिरीला एक पूर्ण फेरी. त्याशिवाय पोरगी पाण्यात नाही. कॅनसकट मी फेऱ्यांवर फेऱ्या मारत होते, पण सोड म्हटलं की हात आपोआप पायरीकडे वळायचे. मी प्रत्येक रविवारी म्हणायचे, पुढच्या वेळी. लेकीचं तोंड दर वेळी थोडं उतरायचं. ती पुन्हा आजीशेजारी कपड्यांपाशी जाऊन बसायची, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

एका रविवारी अशीच कॅनसकट फेरी मारून मी पायरीवर आले. आबांनी माझ्या नवऱ्याला खाली पाठवलं, कॅनचं बूच उघडायला लावलं आणि म्हणाले, "वत." त्यानं कॅन उपडा केला. भडाभडा पाणी पडत राहिलं.

"मागला रविवारपाईन भरेल शे तो," आबा म्हणाले.

त्यांची ही जुनी खोड नवऱ्याला माहीत होती. आबा आधी थोडं पाणी भरायला सांगत, मग अर्धा कॅन, मग काठोकाठ, आणि पहिल्या रविवारनंतर मला पाण्यात उभं करूनच पाठीला कॅन बांधत होता तोच, म्हणून वजन मला कळलं नाही. म्हणजे मी दोन रविवार माझ्या स्वतःच्या हातापायांवर तरंगत होते आणि उपकार मानत होते तेलाच्या डब्याचे! मी नवऱ्याला यथेच्छ बोलून घेतलं. बोलताना हसूही येत होतं. मग कॅन तिथेच टाकला, पुन्हा पाण्यात शिरले, फेरी मारली आणि लेकीला हाक मारली. ती पायऱ्या धावतच उतरली. डोक्यावर काही नव्हतं तिच्या, कॅन मात्र होता.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एका शाळकरी मुलीला आणलं. शेततळ्यात घसरली होती. तळ्याच्या प्लॅस्टिकवरून वर चढता येत नाही, पाय सरकतच राहतो. ती वाचली नाही. मी त्या दिवशी घरी येऊन लेकीला जवळ घेऊन बसले आणि आबांना फोन केला. म्हटलं, गावातल्या पोरी आणायच्या विहिरीवर. आबांनी विचारलं, त्यांच्या आया येतील? मी म्हटलं, तुमचीच अट, तुम्हीच लावा.

आता गणपती गेले की दर रविवारी बाभळीला हिरवं लुगडं लागतं. वेचणीला जायच्या आधी बाया पोरींना घेऊन येतात. आई पाण्यात उतरल्याशिवाय पोरगी उतरत नाही, हा नियम मी मोडू दिलेला नाही. वेचणी उशिरा सुरू होते म्हणून शेतमालक कुरकुरतात. कुरकुरोत बापडे. आबा पाठमोरे उभे राहून पाण्याच्या आवाजावरून सूचना देतात, आणि त्यांची पहिली सूचना आजही तीच असते, ओढणी काठावर.

गेल्या दिवाळीतल्या रविवारी विहीर गजबजलेली होती. माझी लेक, आता तेरा वर्षांची, दोन लहान पोरींना पाय मारायला शिकवत होती. काठावर सासूबाई, शेजारी ओढण्या, फ्रॉक आणि टॉवेलांचा ढीग. अचानक त्या उभ्या राहिल्या. बोलल्या त्या नातवंडाशी नव्हे, भिंतीशी नव्हे, थेट आबांशी.

"आबा, तिकडेच देखत ऱ्हा. माले बी उतरनं शे."

विहिरीतल्या बाया पाय मारायच्या थांबल्या. आबांनी मान वळवली नाही. काठीवरचे हात तेवढे घट्ट झाले. मग कापसाला सांगावं तसं ते माझ्या लेकीला म्हणाले, "रिकामा कॅन बांधजो वं. भरेल नको."

सासूबाईंनी अंगावरचं लुगडं सोडलं. आत माझा निळा पंजाबी ड्रेस होता, दसऱ्याला गावी आले होते तेव्हापासून मी शोधत होते तो. पहाटे घरूनच घालून निघाल्या होत्या. मला हसूच फुटलं. लुगड्याची नीट घडी घालून त्यांनी ती ढिगावर ठेवली आणि पायऱ्या उतरून आल्या. पाणी कमरेला लागलं तसं त्यांनी माझं मनगट पकडलं. माझा हात दुखेपर्यंत.

तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. पाण्यातूनच त्यांनी काठाकडे मान वळवली.

"कपडासकडे कोन देखी राहिनं?"

"कोनी नही, आजी," माझी लेक म्हणाली.