पंतांचं पक्कं इंग्रजी

"निर्णयाला मिशी पाहिजे हो!" असं म्हणून पंत टाक दौतीत बुडवायचे आणि साध्या नकाराला 'फायनली' नाहीतर 'ॲब्सोल्यूटली' जोडून द्यायचे. आमच्या लष्कर शहरात, संस्थानी दरबारच्या इंग्रजी दफ्तरात, आम्ही शेजारी शेजारी बसत असू. साहेब मसुदा वाचून म्हणायचे, "वा पंत, अब आया दम!" की स्वारी दिवसभर खूश.

हाच माणूस जयेंद्रगंजात घरी गेला की मांजर. थोरल्या भावासमोर, म्हणजे दादांसमोर, त्यांचं एकच वाक्य: "बघू, तुम्ही म्हणाल तसं." त्यांच्या घराण्यात थोरल्याला तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नव्हती. भाजी कुठली आणायची तेसुद्धा दादा ठरवणार. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा.

मग दादांनी पंतांच्या मुलीचं लग्न एका बिजवराशी ठरवत आणलं. पोरीला इंदूरला जाऊन डॉक्टरी शिकायची होती. ती जेवेना, कुणाशी बोलेना. पंत कचेरीत नुसता टाक चावत बसायचे. मला त्यांचा असा राग यायचा!

आणि एका सकाळी दादाच माझ्या दारात. हातात लिफाफा.

"अहो, दरबाराचं इंग्रजी पत्र दिसतंय. वाचा जरा. आमचं काही चुकलं की काय?"

फोडून पाहतो तर पत्र पंतांचं! त्याच घरातून त्याच घरात, टपालानं. मुलगी इंदूरला जाईल, हे मी 'इर्रेव्होकेबली' ठरवलं आहे, खाली सही.

"म्हणजे काय हो?" दादांनी विचारलं.

"म्हणजे आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही."

मला हसू आवरेना. दादा मात्र हसले नाहीत. "एवढा भितो मला?" म्हणाले, आणि बराच वेळ माझ्या ओट्यावर बसून राहिले. त्या दोघाही भावांची मला फार कणव आली.

मुलगी इंदूरला गेली. दादांनी अडवलं नाही, पण पंतांशी बोलणं टाकलं. ते मिटायच्या आतच, त्याच थंडीत, पंत न्यूमोनियानं गेले.

तेराव्याला मुलगी दादांपुढे येऊन म्हणाली, "काका, मी आता परत जात नाही. आईजवळ राहते. तुम्ही म्हणाल तिथं लग्न करते."



"तुझ्या बापानं ठरवलंय ते," दादा म्हणाले. "मोडायचं तर त्यालाच विचारायला हवं. आणि तो काही आता भेटायचा नाही. जा, सामान बांध."