बॅटरी शंभर टक्के

आईची फुप्फुसं अधू झाली आणि ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत ऑक्सिजनचं मशीन आलं. ते चालतं विजेवर. नेमकं त्याच सुमारास शेजारच्या वाडीत टॉवरसाठी खोदकाम सुरू झालं. खोदताना केबल तुटायची आणि आमच्याकडची लाईट जायची. म्हणून मी मोठा यूपीएस आणला. बॅटरीवर मशीन चाळीस मिनिटं चालेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तेवढ्यात बाबा कोपऱ्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आईला लावू शकले असते.

मी दिवसभर परळला ऑफिसात, घरी फक्त आई आणि ऐंशीचे बाबा. तिथून मला घरातलं सगळं दिसायला हवं होतं. यूपीएसला एक छोटा काँप्युटर जोडला, त्यावर घरातली यंत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात तीन रविवार गेले. मग वीज आहे की नाही, बॅटरी किती भरलीय, हे फोनवर दिसू लागलं.

आणि त्याने मला छळायला सुरुवात केली. दर दोन-तीन दिवसांनी आकड्याच्या जागी ‘उपलब्ध नाही’. मीटिंग सोडून बाहेर यायचं आणि घरी फोन लावायचा.

“बाबा, यूपीएसच्या मागची बारीक वायर काढून परत लावा.”

“कुठली? काळी?”

“हो, काळी.”

“अगं, सगळ्याच काळ्या आहेत.”

एकदा त्यांनी राउटरचीच वायर काढली आणि अर्धा दिवस मला काहीच दिसलं नाही.

बाबांची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. ॲसिडने भोकं पडलेले त्यांचे शर्ट आई वर्षानुवर्षं रफू करत आली. माझा हा खटाटोप बघून ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “टक्के कसले बघतेस? लोड देऊन बघ, किती वेळ टिकते ते.” मी लक्ष दिलं नाही. पुढे एकदा म्हणाले, “बॅटरी बसलीय गं.” मी फोन त्यांच्यापुढे धरला. शंभर टक्के.

एका मंगळवारी दुपारी दोनला फोन वाजला. वीज गेली, यूपीएस बॅटरीवर. शंभर. मग एकदम ऐंशी, चाळीस, पंधरा. मग काहीच नाही. घरी फोन लावला, कोणी उचलेना. चार वेळा लावला. साहेबांना न सांगताच टॅक्सीत बसले. गिरगावात टॅक्सी अडकली, तिथे उतरून धावत घर गाठलं.

घरात पंखा फिरत होता. आई खुर्चीत आरामात बसली होती, नाकाला सिलिंडरची नळी. बाबा स्टुलावर बसून डायरीत लिहीत होते. यूपीएसचा प्लग जमिनीवर पडला होता.

“प्लग कोणी काढला?”

“मी,” बाबा म्हणाले. “मशीनच्या लोडवर बॅटरी अकरा मिनिटं टिकली फक्त. मागल्या महिन्यात सतरा होती.”

“मागल्या महिन्यात? मग मला कसं कळलं नाही?”

“तेव्हा आधी तुझा तो राउटर काढला होता. आज विसरलो.”

“आणि फोन का उचलला नाहीत?”

“रीडिंग घेत होतो.”

मी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण समोरच्या खोलीतल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी आई म्हणाली, “मला विचारून केलंय त्यांनी. आधी मला सिलिंडर लावला, मग प्लग काढला. ओरडू नकोस.”

“पण मला सांगायचं ना!”

“सांगितलं होतं,” बाबा म्हणाले. “तू फोन दाखवलास.”

मला राग आणखीच आला. दुसऱ्या दिवशी मी यूपीएसच्या दुकानात फोन केला.

दुकानाचा माणूस आला, त्यानेही माझाच फोन बघून सांगितलं, “ओके आहे मॅडम, हंड्रेड दाखवतेय.” बाबांनी डायरी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने बॅटरी बदलून दिली. नवी बाबांच्या घड्याळाप्रमाणे बेचाळीस मिनिटं चालली. आता दर महिन्याला ते प्लग काढतात आणि मला कळवत नाहीत. का, तर आधी सांगितलं तर मी नको म्हणेन. फोन कोकलतो, मी मीटिंग सोडून बाहेर येते.

गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा केबल तुटली, या वेळी खरोखर. मी घरी फोन लावला.

“मशीन चालू आहे. तू काम कर,” म्हणून बाबांनी ठेवून दिला.

मी ऑफिसच्या जिन्यात आकडा बघत उभी राहिले. तो नव्वदवर अडकला, हलेचना; वर ‘वीज नाही’ हेही तसंच. खरा की खोटा, कळायला मार्ग नाही. अर्ध्या तासाने राहवेना, परत फोन केला.

“लाईट?” बाबा म्हणाले. “आली ना मघाशीच.”