सगुणाची कटकट

कल्याणच्या मीठगाडीवाल्यांत सगुणाइतकी कटकटी बाई झाली नाही, असं आमच्याकडे अजून म्हणतात. म्हणणाऱ्यांना ती कटकट कशापायी करायची हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसताना बोलायला आपल्याकडे कुणाची जीभ अडत नाही. माझे आजोबा धोंडीबा तिच्या नवऱ्याच्या मागची गाडी हाकत. त्यांच्याकडून ऐकलेलं एकदा नीट सांगून टाकतो.

तिचा नवरा धाकू. मूळचा कोलशेतचा, मिठागरात वाढलेला. लग्नानंतर कल्याणला आला आणि बैलजोडी घेऊन मिठाच्या खेपा करू लागला. आगगाडी तेव्हा पार घाटापर्यंत जात होती, पण माहुलीच्या पायथ्याला रानात जे पाडे होते तिथे ती थोडीच जाणार? तिथलं मीठ बैलगाडीनेच जायचं. दिवाळी सरली की कल्याणहून पाच-सहा गाड्या एकत्र निघत, टिटवाळा, खडवली मागे टाकत आणि भातसा नदी उतरून रानात शिरत.

रानात मुक्काम करायचा तर तळ कुठे द्यायचा हे एकाच माणसाने ठरवायचं, अशी रीत होती. सगळ्यांनी ठरवायला घेतलं असतं तर अंधार पडेस्तोवर भांडणच झालं असतं. हा मान धाकूचा, म्हणून त्याचीच गाडी सगळ्यांत पुढे. नदीकाठची वाळू मऊ दिसते म्हणून नवखा माणूस तिथेच अंग टाकतो. धाकू आधी झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा बघायचा, म्हणजे पाणी कुठवर चढून गेलंय ते कळतं. जनावरं ज्या वाटेने पाण्यावर उतरतात तिच्यापासून तो लांब राहायचा, कारण तिथून काही नुसती हरणं जात नाहीत. डोक्यावर वाळकी फांदी नको, चुलीजवळ वाळकं गवत नको, आणि मीठ बरोबर असल्याने खालची जमीन कोरडी हवी. सगळं पटलं की तो स्वतः त्या जागेवर उताणा पडायचा, पाठीने जमीन चाचपायचा आणि म्हणायचा, "हां." त्या 'हां'शिवाय कुणी बैलांच्या मानेवरचं जू उतरवत नसे.

चाळिशी उलटली आणि धाकूची नजर जाऊ लागली. लहानपण मिठाच्या पांढऱ्या लखलखाटात गेलेलं, ते डोळ्यांना भोवलं असेल. समोर झाड आहे एवढं कळे, पण त्याची फांदी ओली की वाळकी ते कळत नसे. बैल वाट ओळखत होते म्हणून गाडी चाले. हे त्याने एकट्या सगुणाला सांगितलं.

"तळ चुकला तर माणसं जातील," तो म्हणाला. "आणि सांगितलं, तर गाडी पुढे लावायचा मान गेला. मग मी घरात बसून काय करू?"

सगुणाने पिठाचा डबा उघडून पाहिला. मग म्हणाली, "पुढल्या खेपेला भाकऱ्या भाजायला मी येते."

ती आली, आणि पहिल्याच मुक्कामाला तिने तोंड सोडलं. "अवो, ह्या झाडाखाली नका हां उतरू. वरचा अर्धा फाटा वाळलाय, कपाळमोक्ष व्हायचा." धाकू पुढे सरके, तर हिचं चालूच. "हितं तर बुंध्याला कंबरेएवढा गाळ चिकटलाय. गाळात निजवताय काय मला? आणि ही पायवाट बगा, सरळ डोहाकडं उतरलीये. वाघाच्या उंबऱ्यावर झोपू का आता?" धाकू वैतागल्यासारखा "गप गो" म्हणायचा, आणि तिने नावं ठेवलेली प्रत्येक जागा टाळून बरोबर चांगल्या जागी जाऊन आडवा व्हायचा. गाडीवाले हसायचे. बिचारा धाकूदादा, म्हणायचे, रानात आला तरी सुटका नाही.

अशी तीन वर्षं गेली. सगुणाचं नाव सगळ्या कल्याणात झालं. सुना आणताना लोक म्हणू लागले, मुलगी सगुणासारखी नको. हे तिच्या कानावर जाई. ती हसे आणि खेपेची भांडी बांधायला घेई. मला विचाराल तर या बाईच्या नावाने कल्याणच्या बंदरावर एक दगड तरी बसवायला हवा होता, पण दगड भलत्यांचेच बसतात.

चौथ्या वर्षीच्या एका खेपेत भातसा ओलांडली आणि सगुणाला हिव भरलं. अंग इंगळासारखं तापलं. धाकूने तिला गाडीत मिठाच्या गोण्यांवर निजवलं, आपली घोंगडी तिच्यावर घातली आणि गाड्या पुढे काढल्या. वाटेत भेटलेल्या एका लाकूडतोड्याने सांगितलं होतं, की इथे मागच्याच आठवड्यात बिबट्याने तळावरून वासरू उचललं. ऊन उतरत आलं. तळ द्यायलाच हवा होता.

धाकू खाली उतरला. चार पावलं इकडे, चार तिकडे गेला. मान वर करून बघत राहिला, पण वर त्याला नुसतं हिरवं-करडं दिसत होतं. गाडीत सगुणा कण्हत होती, आणि कटकट करायला कुणी नव्हतं. मागे सगळ्या गाड्या थांबलेल्या. नाथाची गाडी शेवटची. हा नाथा कित्येक वर्षं पुढच्या मानावर डोळा ठेवून होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो उतरून पुढे आला.

आमचे आजोबा म्हणायचे, धाकूदादा परत येऊन बैलाच्या शिंगाला धरून उभा राहिला. त्याने एकदा गाडीकडे मान वळवली, मग आमच्याकडे. चुकीच्या जागी बायकोला निजवण्यापेक्षा मान गेलेला बरा, असं त्याने ठरवलं असावं. त्याने पागोटं काढून हातात घेतलं.

"अरे," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. माझे डोळे..."

"अवो दादा," नाथा मध्येच खेकसला, "ह्या ऐनाच्या झाडाखाली उतरवणार काय आम्हाला? वरची डहाळी पार वाळलीये. डोकी फुटायची."

धाकूचं पागोटं हातातच राहिलं.

"आणि डाव्या अंगाला तर नकोच," आजोबांनी री ओढली. "जनावरांची वाट हाय ती. खुरं उमटलीत ताजी."

मग पोपट गाडीवाला कुरकुरला, की खालच्या सपाटीला ओल आहे, मिठाचं पाणी झालं तर भरून कोण देणार. एकेक जण उतरून उजवी बाजू सोडून सगळीकडे गेला आणि तिथून ओरडू लागला. इतकी कटकट त्या रानाने कधी ऐकली नसेल.

मी आजोबांना विचारलं होतं, तुम्हाला कळलं कधी? म्हणाले, पहिल्याच खेपेला. धाकूदादाबरोबर सगुणा कल्याणला आली तेव्हापासून आम्ही तिला बघत होतो. तिने शेजारणीच्या कोंबडीलाही कधी मोठ्याने हाकललं नव्हतं. ती बाई एकाएकी चव्हाट्यावर नवऱ्याला ओरडते, म्हणजे काहीतरी असणारच. मग तुम्ही कुणी काही बोलला का नाहीत? आजोबा म्हणाले, ती एवढी झाकत होती, आम्ही कशाला उघडं करायचं?

धाकूने पागोट्याने डोळे पुसले आणि ते पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"आज लई तोंड सुटलंय रे तुमचं," तो म्हणाला. मग गाडीलगतच्या उजवीकडच्या उंचवट्यावर जाऊन तो उताणा पडला आणि पाठीने जमीन चाचपू लागला. सगळे जुवावर हात ठेवून 'हां'ची वाट बघत उभे राहिले.

तेवढ्यात गाडीतून बारीक आवाज आला. सगुणा कोपरावर रेलून बाहेर बघत होती.

"मुंगळ्यांचं कुणीच नाय बोललं," ती म्हणाली. "उशाशी वारूळ हाय त्यांच्या."

नाथाने वाकून पाहिलं. खरंच वारूळ होतं. तो खाली मान घालून हसला.

धाकू उठला. बायकोचा आवाज जिकडून आला तिकडे दोन हात सरकला आणि तिच्या गाडीच्या चाकाला लागून पुन्हा आडवा झाला.

"हां," तो म्हणाला.