कोरडे तांदूळ

"कडी?"

दिवेलागणीला आळीत ही हाक आली की घरातल्या बाईने, हात पिठाचे असोत की शेणाचे, "घातली, दाजी," असं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर दाजी काठीने दार ठोठावत आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं विचारत, "काय गो, चोराला आवतान धाडलंस काय?" मी लग्न होऊन रत्नागिरीला आले ती तीस सालच्या आसपासची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी या परक्या माणसाने माझ्या कडीची चौकशी केली, तेव्हा मी घाबरून माजघरात पळाले. सासूबाई हसल्या. "अगो, ते दाजी हवालदार. पेन्शनीत निघाले, पण डोक्यावरची पगडी काय उतरत नाय!"

आळीतले अर्धेअधिक पुरुष मुंबईला. घरं बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हवाली. दाजींच्या त्या एका हाकेवर आम्ही निर्धास्त होतो, हे खोटं कशाला सांगू? "चोर कुलपाला भीत नाय, शेजारणीच्या कानाला भितो," असं ते म्हणत, आणि शेजारणींचे कान आमच्या आळीत मुळातच तिखट. माणूस सरळ, कुणाच्या पानसुपारीचाही मिंधा नाही. खोड एकच. चोर आपल्याला नुसता बघून ओळखता येतो, असा त्यांना गर्व होता.

एका दुपारी आम्ही सासवा-सुना घरामागच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं धुवायला गेलो होतो. परत येऊन बघते तो फडताळातली डबी उघडी आणि माझी माहेरची नथ नाहीशी. आईच्या नाकातली नथ ती. मी रडून आकांत केला. घरात तेव्हा तिघंच होती: मागच्या पडवीत भात कांडणारी काशी, गोठ्याच्या माळ्यावर गवत भरणारा गडी, आणि ओटीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा एक कारकून. त्या दिवशी अंग मोडून आलं म्हणून तो कचेरीत गेला नव्हता.

दाजी आले. म्हणाले, "पोलीस कशाला? तांदूळ सांगतील." ग्रामदेवतेपुढे ठेवलेले तांदूळ त्यांनी आणले आणि अंगणात आळी गोळा झाली. तिघांनी मूठमूठ तांदूळ चावायचे आणि केळीच्या पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडाला भीतीने कोरड पडते, त्याचे तांदूळ कोरडे निघतात, असा हिशेब. कारकून हसत म्हणाला, "दाजी, जरा मीठ असतं तर बरं झालं असतं," आणि त्याने ओला लगदा पानावर टाकला. गड्याचाही ओलाच निघाला. काशीच्या तोंडातून पडलं ते कोरडं पीठ.

"देवाने दाखवलन्," दाजी म्हणाले.

"मी कांडीत व्हती वो," एवढंच ती बोलली. आळीतली बारा घरं तिच्या हातचे तांदूळ खायची. त्या बाराही घरांनी तिला दार बंद केलं. चार दिवसांत ती देवरुखच्या पलीकडच्या आपल्या गावी निघून गेली.

वर्षाने तो कारकून दुसऱ्या गावी चोरी करताना सापडला. त्याच्या पेटीत माझी नथ निघाली. ओळख पटवायला शिपाई ती घेऊन आला तेव्हा दाजी आमच्या ओटीवरच होते. त्यांनी नथ हातात घेतली, खाली ठेवली, आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे चालत देवरुखची वाट धरली.

परत आले ते खंगूनच. काशी काय म्हणाली ते त्यांनी स्वतःच सांगितलं. "आळीसमोर माफी मागतो, चल," असं ते म्हणाले, तर ती म्हणाली, "मला परत त्या अंगनात कशाला उभी करताव? ज्यांनी बगितलं त्यांना तुमीच सांगा. दाजीनू, त्यो चोर तुमाला भ्यालाच नाय. भ्याली ती मी."

मग दाजी घरोघर गेले. पगडी काढून, प्रत्येक अंगणात उभं राहून म्हणाले, "काशी चोर नव्हती. चूक माझी." लोक ओशाळले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे हो दाजी, ती विसरली असेल."

"ती नाय विसरली, वहिनी. आपण विसरलो."

जाताना ते मला म्हणाले, "सूनबाई, तुझा काय दोष नाय हो यात." ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी त्यांना सांगून टाकलं. त्या दुपारी पऱ्ह्यावर काशीच्या मुसळाचा आवाज मला सारखा ऐकू येत होता. तो एकदाही थांबला नव्हता. अंगणात तिचे तांदूळ कोरडे पडले तेव्हा हे मला आठवलं होतं. पण नवी सून मी, चारचौघांत कशी बोलणार, म्हणून गप्प राहिले.

दाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि काठीने मातीत रेघ ओढून मला रस्ता समजावू लागले. कुठली खिंड, कुठला साकव, कुठल्या वडापाशी वळायचं. "जाऊन ये एकदा," म्हणाले, "बाईमाणसाला दीड-दोन दिवस लागतील."

पुढच्या पावसाळ्यात दाजी वारले. ती वाट मला अजून तोंडपाठ आहे. मी गेले नाही.