अर्थ नसलेले नाव

मकारितिस हे आडनाव त्या घराला एका जिवंत माणसामुळे मिळाले. पोलिक्सेनीच्या पणजोबांचे गलबत बुडाल्याची बातमी बेटावर आली, चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, चाळिसाव्या दिवसाचा उकडलेला गहू वाटून झाला, आणि त्याच आठवड्यात ते अनवाणी, भुकेले असे धक्क्यावर उतरले. मकारितिस म्हणजे परलोकवासी. मृताच्या नावाआधी लावण्याचा शब्द. गावाने तो त्यांना चिकटवला आणि कारकुनाने वहीत उतरवला.

पुरुषांचे त्यात एक वेळ निभावून जाई. स्त्रियांच्या नावापुढे मात्र तेच आडनाव 'मकारिती' असे होते, आणि त्याचा अर्थ होतो 'परलोकवाशाची' किंवा 'परलोकवाशाचे'. मुलीला कोणतेही नाव द्या, ती मेलेल्या माणसाची मालमत्ता होऊन बसते.

पोलिक्सेनीचा जन्म त्याच नावाच्या संत स्त्रीच्या सणाचा, तेवीस सप्टेंबरचा. म्हणून वडिलांनी आजीचे नाव ठेवण्याची रीत बाजूला सारून ते नाव दिले. पोलिक्सेनी म्हणजे जिच्याकडे पाहुण्यांची वर्दळ आहे ती. शाळेत हजेरी सुरू झाली, की तिने 'हजर' म्हणण्याच्या आत मागच्या बाकावरून आवाज येई, "मयताला पाहुणे फार जमले रे आज." पुढे बेकरीवाल्याच्या मुलाचे तिच्याशी जमत आले होते. त्याच्या आईने भर दुकानात सांगितले, "मुलगी चांगली आहे, हात सोन्याचा आहे. पण लग्नाची पत्रिका छापली तर लोक काळे कपडे घालून येतील." दुकानातली माणसे हसली. मुलगाही हसला. पोलिक्सेनीने पाव घेतला आणि ती घरी आली. पुन्हा कोणी मागणी घातली नाही.

ती शिवणकाम करी. तिचे भरतकाम पाहायला शेजारच्या बेटावरून बायका येत. आई झोई, धाकटा भाऊ याकुमिस आणि त्याची बायको कल्लिओपी यांच्यासह ती वडिलांच्या घरातच राहिली. एकोणीसशे छप्पन सालच्या जानेवारीत कल्लिओपीला पहिली मुलगी झाली, तेव्हा पोलिक्सेनी अडतीस वर्षांची होती. याकुमिसने तिलाच धर्ममाता होण्याची विनंती केली. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव उच्चारण्याचा अधिकार धर्ममातेचा. तोपर्यंत मूल नुसते 'बेबा'.

पोलिक्सेनीने हे काम तिच्या इतर सर्व कामांप्रमाणे नीटनेटके करायचे ठरवले. मापाच्या वहीची शेवटची पाने तिने त्यासाठी राखून ठेवली. नाव लिहायचे, पुढे आडनाव लिहायचे, मोठ्याने वाचायचे आणि खोडायचे. एल्पिदा म्हणजे आशा, परलोकवाशाची आशा. इरिनी म्हणजे शांती. तो तर थडग्यावरचाच मजकूर झाला. हारा म्हणजे आनंद. तो मेलेल्याला कसला?

"अनास्तासिया ठेव," याकुमिस जाळे विणता विणता म्हणाला. "परलोकवाशाचे पुनरुत्थान. थडग्याचे झाकण उघडे ठेवावे लागेल, एवढेच."

"तुला थट्टा सुचते. हजेरीला तिला उभे राहायचे आहे, तुला नाही."

"ताई, मी काय म्हणतो, लोक चार दिवस हसतात आणि विसरतात."

"कोण विसरले?" तिने विचारले. याकुमिस पुन्हा जाळ्याकडे वळला.

आई झोईला या वहीचा मनस्वी राग होता. पहिल्या मुलीला बापाच्या आईचे नाव द्यायचे ही बेटाची रीत, आणि ते नाव तिचे होते. झोई म्हणजे आयुष्य.

"पन्नास वर्षे मी झोई मकारिती आहे," ती म्हणाली. "परलोकवाशाचे आयुष्य. मेले का मी?"

"आई, तुझ्या तोंडावर कोणी बोलत नाही."

"बोलत होते की. मी दोघांना चपलेने झोडले, मग थांबले. तुला ते कधी जमले नाही, हा आडनावाचा दोष नव्हे."

तरी पोलिक्सेनी मागे हटली नाही. शाळेच्या गुरुजींकडे जाऊन तिने इतिहासाचे पुस्तक मागितले आणि त्यात तिला आर्सिनोई हे नाव सापडले.

"ही कोण?"

"जुन्या काळची एक राणी."

"नावाचा अर्थ काय?"

गुरुजींनी चष्मा काढून थोडा विचार केला. "अर्थ मला सांगता येणार नाही."

"गावात दुसऱ्या कोणाला सांगता येईल?"

"मलाच येत नाही, तर कोणाला येणार?"

"मग हेच," पोलिक्सेनी म्हणाली.

आर्सिनोई मकारिती. तिने ते दहा वेळा वाचले. हसण्यासारखे काही निघेना. त्याच संध्याकाळी बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या अंगड्याच्या कोपऱ्यावर तिने आद्याक्षर भरायला घेतले. आईने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला आणि नऊ दिवस पडला नाही. धक्क्याला बोट लागेना. सहाव्या दिवशी बेबा दूध टाकू लागली, आठव्या दिवशी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टर पलीकडच्या बेटावर होता. पाद्री डोंगरापलीकडच्या वाडीत एका अंत्यविधीला गेले होते; त्यांना आणायला याकुमिस सकाळीच निघाला. दुपारी मुलीचे ओठ निळे पडले.

"त्यांची वाट पाहू नकोस," आई म्हणाली. "हवेतला बाप्तिस्मा कर. तू धर्ममाता आहेस."

मरणाच्या दारातले मूल बाप्तिस्म्यावाचून जाऊ नये म्हणून पाण्याविना आणि पाद्रीविनाही कोणी श्रद्धावान व्यक्ती ते तीनदा हवेत उचलू शकते. नाव घ्यावे लागते. ते एकदा घेतले, की बदलत नाही.

पोलिक्सेनीने मुलीला हातांवर घेतले. कल्लिओपी खाटेवर उठून बसली.

"आर्सिनोई नावाची संत नाही, बरे का," आई हळू आवाजात म्हणाली. त्या आवाजात आता राग नव्हता. "पंचांगात मी शोधले. वर तिला कोण ओळखणार? कोण पुढे येणार? माझे नाव घे, पोरी. झोई म्हण."

पोलिक्सेनीला नकार द्यायचा होता आणि होकारही. परलोकवाशाचे आयुष्य. ते शब्द तिच्या जिभेवर आले, आणि त्या निळ्या ओठांसमोर ती थट्टा तिला उच्चारवेना. आर्सिनोई म्हणावे, आणि आईचे बोलणे खरे असले, तर मूल अनोळखी जाईल. एकच संत स्त्री अशी होती, जिच्या सणाला तिने आयुष्यभर मेणबत्ती लावली होती. तिने मुलीला वर उचलले.

"देवाची सेविका पोलिक्सेनी हिचा बाप्तिस्मा होत आहे," ती म्हणाली, "पित्याच्या नावाने." दुसऱ्यांदा उचलले. तिसऱ्यांदा उचलले. खाली आणले तेव्हा कल्लिओपी तिच्याकडे टक लावून पाहत होती.

सायंप्रार्थनेची घंटा वाजण्यापूर्वी मूल गेले. वारा त्यानंतर दोन दिवसांनी पडला.

आर्सिनोईचे आद्याक्षर भरलेल्या त्या अंगड्यातच तिला पुरले. सुताराने लाकडी क्रूस केला आणि रीतीप्रमाणे त्यावर नाव कोरले: पोलिक्सेनी मकारिती. दफनाहून परतल्यावर आईने कॉफी केली, सर्वांना दिली, आणि पोलिक्सेनीच्या हाती पेला देताना म्हणाली, "आयुष्य मागितले होते तिने तुझ्याकडे. तू दिले नाहीस." हे वाक्य तिने एकदाच उच्चारले. पुन्हा उच्चारण्याची गरज पडली नाही.

दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली. धर्ममाता म्हणून कल्लिओपीने आपल्या मावसबहिणीला बोलावले आणि नाव झोई ठेवले. पोलिक्सेनीने अंगडे शिवले. अक्षर भरायला तिला कोणी सांगितले नाही. शाळेत मुले या झोईला हसली. ती त्यांच्याहून मोठ्याने हसली. वीस वर्षांची होताच तिने पिरेउस बंदरातल्या एका वीजतंत्र्याशी लग्न केले, त्याचे आडनाव लावले, आणि नाताळात दोन ओळींचे पत्र पाठवू लागली. आजी झोई तोवर वारली होती.

पोलिक्सेनीचे हस्ताक्षर घरात सर्वांत सुरेख, म्हणून मृतांच्या शनिवारी प्रार्थनेत नावे वाचण्यासाठी चर्चला द्यायचा घराचा कागद तीच लिही. वर जिवंतांची नावे, खाली मृतांची; आडनाव कोणाचेच नाही. वर याकुमिस, कल्लिओपी, झोई, पोलिक्सेनी. खाली वडील, पणजोबा, आई, पोलिक्सेनी. जुन्या पाद्रींना सारे ठाऊक होते. ते दोन्ही ठिकाणी नाव वाचत.

एकोणीसशे ऐंशी साली तरुण पाद्री आले. पहिल्या शनिवारी त्यांनी कागद पाहिला, खिशातून पेन काढले आणि खालचे शेवटचे नाव खोडले.

"मावशी, वरचे नाव खाली पुन्हा लिहिलेत," ते प्रेमाने म्हणाले. "देव तुम्हांला उदंड आयुष्य देवो. इतक्यात कशाला?"

पोलिक्सेनीने तोंड उघडले. मागे रांगेत उकडलेल्या गव्हाची परात घेऊन कल्लिओपी उभी होती. जे चोवीस वर्षे घरात कोणी बोलले नव्हते, ते इथे रांगेत उभे राहून, अनोळखी माणसाला, पहिल्यापासून सांगावे लागले असते. ती बाजूला झाली.

परतीच्या वाटेवर, पायऱ्या चढताना कल्लिओपी म्हणाली, "या खेपेला तिचे नाव आले नाही, वन्सं."

"पाद्रींनी खोडले. त्यांना वाटले, ते माझे आहे."

कल्लिओपीने परात दुसऱ्या कमरेवर घेतली. "आहेच की," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.

पुढच्याच आठवड्यात मृतांचा दुसरा शनिवार होता. पोलिक्सेनीने नवा कागद घेतला, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि नेहमीच्या सुरेख अक्षरात नावे उतरवली. वर याकुमिस, कल्लिओपी, झोई. तिथे ती थांबली, पेन्सिलीचे टोक पाहिले, आणि रेघेखाली गेली. वडील, पणजोबा, आई, पोलिक्सेनी.

पाद्रींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांना त्यात दुरुस्त करण्याजोगे काही आढळले नाही.