समोर गेलेली टपरी

रस्ता रुंद होणार म्हणून सुमनताईंनी चहाची टपरी समोरच्या बाजूला नेली. तरी एक आजोबा आज जुन्याच जागी येऊन उभे राहिले. ताईंनी हाक मारली नाही. कप घेऊन स्वतःच रस्ता ओलांडून गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "होईल हो सवय. तोवर मी नेते."

आपण जागा बदलली की पाटी लावतो आणि सुटलो म्हणतो.

मला आमचा शुद्धलेखन तपासनीस आठवला. हे सॉफ्टवेअर आम्ही काही जण फुकट, सगळ्यांसाठी खुलं बनवतो. त्याचा कोड ठेवायची साइट आणि बदल नोंदवायची पद्धत इतकी जुनी, की नवं कुणी फिरकत नाही. सगळं नव्या जागी हलवणं फक्त माझ्या होकारासाठी अडलं होतं. कारण आमच्यातले निवृत्त शिक्षक कुलकर्णी सर रोज सकाळी त्यात दोन-चार शब्द दुरुस्त करतात. जुनी पद्धत शिकायलाच त्यांना वर्ष लागलं होतं.

चहा संपवून मी ग्रुपवर लिहिलं, "हलवूया. सरांच्या दुरुस्त्या तोवर मी पलीकडे नेईन."

सरांचं उत्तर लगेच आलं. "आजचे तीन शब्द ने. रविवारी घरी येऊन एकदा वाट दाखव, मग माझा मी येईन."